डबा, कंदील आणि वारीतली बत्ती: रॉकेल साठवण्याची गोष्ट

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधली "म्हणजे", "हां का" वगैरे काढून टाकलीत.)

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आपण रॉकेलबद्दल बोलणार आहोत. हो, रॉकेल, घासलेट. आणि तेही ते पेटवण्याबद्दल कमी आणि साठवण्याबद्दल जास्त.

विषय डोक्यात आला तो भिगवणला. थंडीत उजनीच्या पाणवठ्यावर फ्लेमिंगो बघायला आम्ही पाचजण गेलो होतो, तंबू घेऊन. माझं गाव इंदापूर तालुक्यातच, त्यामुळं जाताना घरी थांबलो आणि माळ्यावरचा जुना कंदील उचलला. एलईडीचे दिवे होते, पण फोटोत कंदील छान दिसतो, खरं कारण तेवढंच. कंदिलाशेजारी एक पत्र्याचा डबा होता, त्यात तीन-चार लिटर रॉकेल. किती वर्षांचं, कुणालाच नीट सांगता येईना. आजी म्हणाली, "ने, पण तळातलं ओतू नको." मी "हो हो" म्हटलं आणि रात्री अंधारात डबा उलटा करून कंदिलाची टाकी भरली.

कंदील पेटला. दहा मिनिटं बरा चालला. मग तडतडायला लागला, काच एका बाजूनं काळी झाली आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. शेवटी मोबाईलच्या टॉर्चवर मॅगी केली. दुसऱ्या दिवशी आजीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "पाणी धरलं असणार त्यानं. तुला म्हटलं होतं."

रॉकेल पाणी कसं धरतं? आणि सातवी शिकलेल्या माझ्या आजीला हे माहीत आहे, अन् बी. टेक. झालेल्या मला नाही, हे कसं? तिथून सुरुवात झाली.

आधी नावं बघू. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातलं तेल. घासलेट म्हणजे 'गॅसलाइट'. दोन्ही शब्द इंग्रजीतून आले आणि आपल्या तोंडात घासून घासून मराठी झाले. यावरूनच कळतं की ही वस्तू बाहेरून आली. तिच्याआधी आपल्याकडं दिव्यात काय जळायचं? जे आजूबाजूला पिकायचं ते. करडई, तीळ, करंज, एरंडी. म्हणजे जे तेल भाजीत जायचं तेच समईत आणि पणतीतही जायचं. उजेड म्हणजे अक्षरशः जेवणातला घास काढून केलेला खर्च होता. त्यामुळं रात्री लवकर झोपायची आपल्या पणज्यांची सवय फक्त शिस्तीतून आली असेल असं मला वाटत नाही.

ते तेल मातीच्या गाडग्यात राहायचं, मोठा साठा असेल तर चामड्याच्या बुधल्यात. रॉकेलला ही दोन्ही भांडी चालत नाहीत. ते इतकं पातळ की साध्या मडक्यातून पाझरून बाहेर येतं. आता विचार करा, खेड्यात अशी वस्तू विकायची आहे जी ठेवायला त्या खेड्यात भांडंच नाही. मग कंपन्यांनी काय केलं? भांड्यासकट विकली.

हा पत्र्याचा चौकोनी डबा. चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरच्या आसपास. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनं हे खोकं जगभर पाठवलं. आणि इथं एक भारी किस्सा आहे.

लंडनमध्ये मार्कस सॅम्युअल नावाचा व्यापारी होता. बापाचा धंदा शिंपल्यांनी मढवलेल्या शोभेच्या डब्यांचा. (हो, 'शेल' कंपनीचं नाव तिथून आलं.) त्यानं विचार केला की रशियन रॉकेल डब्यात भरून पाठवण्यापेक्षा जहाजाच्या पोटात सरळ ओतून का पाठवू नये? १८९२ साली त्याचं 'म्युरेक्स' नावाचं टँकर जहाज काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदरात भरलं आणि सुएझ कालव्यातून आशियात आलं. डब्यांचा खर्च वाचला, जागा वाचली, माल स्वस्त. लोक आपापली भांडी घेऊन येतील आणि रॉकेल नेतील, असा त्याचा हिशोब.

लोक आलेच नाहीत. कारण लोकांना रॉकेलइतकाच तो डबाही हवा होता. आशियाभर स्टँडर्डच्या निळ्या डब्यांचं काय काय बनत होतं! छपरं, गाळण्या, शेगड्या. रॉकेल संपलं तरी डबा उरतो, आणि सॅम्युअलच्या स्वस्त रॉकेलमागं काहीच उरत नव्हतं. शेवटी त्यानं पत्रा मागवला, इकडंच डबे करून घेतले आणि ते लालभडक रंगवले. निळ्याविरुद्ध लाल. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथं याला मोठमोठी नावं आहेत, पण गोष्ट साधी आहे. गिऱ्हाईक काय विकत घेतंय हे विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

आपल्याकडं त्या डब्याचं काय झालं हे तुमच्या घरातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. वरचा पत्रा कापायचा, आडवी लाकडी दांडी ठोकायची, झाली बादली. असे दोन डबे बांबूला अडकवले की झाली कावड. माणदेश, इंदापूर, करमाळा या पट्ट्यात पाण्यासाठी दोन-दोन मैल चालणाऱ्या माणसांच्या खांद्यावर ही कावड असायची. डबा उघडून सपाट केला की झोपडीची भिंत, कोंबड्यांचं खुराडं. धान्य डब्यात, पीठ डब्यात, लग्नाचे लाडू डब्यात. नुसतं 'डबा' म्हटलं की माप कळायचं.

आता कंदील. आपल्या घरातला कंदील मी उलटा करून बघितला. गंजलेला होता, पण अक्षरं वाचता आली: प्रभाकर.

हे नाव माहीत नसेल तर थांबा, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो. कराडजवळ ओगलेवाडी नावाचं गाव आहे. कराडचं रेल्वे स्टेशन आहे ना, ते खरं तर ओगलेवाडीत आहे. तिथं १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना सुरू केला. औंध संस्थानाच्या राजांनी, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, किर्लोस्करांना जशी जागा दिली तसा ओगल्यांनाही आधार दिला. काळ स्वदेशीचा. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना आपल्या तळेगावला १९०८ सालीच निघाला होता. बांगड्या, बरण्या, दिव्याच्या काचा, सगळं परदेशातून यायचं, ते इथं करायचं हा हट्ट. ओगल्यांनी आधी काच केली, मग अख्खा कंदीलच केला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं. प्रभाकर म्हणजे सूर्य, त्यामुळं नाव दोन्ही बाजूंनी बसलं.

तो कारखाना आता बंद आहे. पण महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांचा अभ्यास त्या कंदिलाच्या उजेडात झालाय. वादळातही न विझणारा दिवा म्हणून अशा कंदिलाला जगभर 'हरिकेन' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या ज्या नळ्या आपण नुसत्या दांड्या समजतो, त्या पोकळ असतात आणि ज्योतीला खालून हवा पुरवतात. मला हे परवापर्यंत माहीत नव्हतं.

बरं, मूळ प्रश्नाकडं येऊ. रॉकेल साठवताना बिघडतं कसं?

पेट्रोल काही महिन्यांत उतरतं, त्यातला हलका भाग उडून जातो. रॉकेल त्या मानानं चिवट. बंद भांड्यात, सावलीत, थंड जागी ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याचा शत्रू वेळ नाही, रिकामी जागा आहे. डबा अर्धा भरलेला असला की वरच्या अर्ध्यात हवा. आपल्याकडं दुपारी पत्र्याखाली भाजून निघतं आणि पहाटे गारठा. दुपारी हवा फुगून बुचातून बाहेर पडते, रात्री आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. डबा श्वास घेतो म्हणा ना. त्या हवेतलं बाष्प गार पत्र्यावर थेंब होऊन उतरतं. पाणी रॉकेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. एका रात्रीत काही होत नाही, पण पाच-सहा पावसाळे गेले की तळाशी बोटभर पाणी. त्या पाण्यानं पत्रा आतून गंजतो. आणि पाणी आणि रॉकेल जिथं एकमेकांना टेकतात त्या थरावर एक बुरशी वाढते, जी चक्क रॉकेल खाऊन जगते. विमानाच्या टाक्यांमध्येसुद्धा तिचा त्रास होतो, कारण विमानाचं इंधनही रॉकेलचंच भावंड. तो बुळबुळीत गाळ वातीत अडकला की वात वर तेल ओढत नाही. वर मी ते पाणीच ओतलेलं. कंदील तडतडणार नाही तर काय!

आणि दुसरं म्हणजे हवेनं रॉकेल हळूहळू पिवळट होतं, त्यात चिकटा धरतो. वातीच्या कंदिलाला हा एक वेळ चालेल. पण पंपाचा स्टोव्ह किंवा बत्ती असेल तर बर्नरचं बारीक छिद्र तुंबतं. मग पिन मारत बसा.

आजीचे नियम काय होते, मी तिला बसवून विचारलं. नवीन रॉकेल आणलं की आधी जुनं संपवायचं. (आम्ही याला 'फिफो' म्हणतो आणि त्यावर इंटरव्ह्यूत प्रश्न विचारतो.) मोठ्या डब्यातलं कमी झालं की लहान कॅनमध्ये काढायचं, म्हणजे रिकामी जागा उरत नाही. डबा फरशीवर नाही, लाकडी पाटावर. नरसाळ्यात फडकं धरून गाळायचं. आणि तळातलं दोन बोटं कधीच ओतायचं नाही. एकाही नियमाचं कारण तिला माहीत नव्हतं, तिच्या सासूनं सांगितलं होतं एवढंच.

बुचाचीसुद्धा एक गोष्ट आहे आणि ती थेट दक्षिण ध्रुवावर जाते. १९१२ साली कॅप्टन स्कॉट ध्रुवावरून परत येत होता. वाटेत ठिकठिकाणी त्यानं रॉकेलचे डबे पुरून ठेवले होते, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करण्यासाठी. प्रत्येक ठिकाणी डबे उघडले तर रॉकेल कमी. कुणी चोरलेलं नव्हतं. बुचाखाली चामड्याचे वॉशर होते, ते थंडीत आकसले आणि कडक झाले. रॉकेलची खोड अशी की बारीकशा फटीतूनही ते वर चढून बाहेर येतं. आपल्याकडं कॅन बाहेरून कायम ओशट का असतो? तेच कारण. स्कॉटच्या लोकांच्या मरणामागं भूक, थंडी, आजार असं बरंच होतं, पण रॉकेलची तूट त्यात होतीच. त्याच्या आधी ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेननं आपले डबे डाग देऊन पक्के बंद करून घेतले होते. दोघांकडेही स्टोव्ह स्वीडनच्या प्रायमस बनावटीचे. तोच पितळी पंपाचा स्टोव्ह पुढं आपल्या घरोघरी आला, फर्रफर्र आवाज करणारा.

कॅम्पिंग म्हटलं की आपल्याला लोणावळा, पवना, भंडारदरा आठवतं. पण महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जुनं कॅम्पिंग आपल्या तालुक्यातून जातं आणि आपण त्याला कॅम्पिंग म्हणतच नाही. तुकोबांची पालखी. १६८५ साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा सुरू केला. देहूवरून निघून पुणे, बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि मग नीरा ओलांडून अकलूज. लाखो माणसं, पंधरवड्याहून जास्त दिवस, पावसाळ्यात, रोज नवा तळ, रोज नवी राहुटी. प्रत्येक दिंडीचं आपलं स्वयंपाकघर आणि आपला उजेड. म्हणजे स्टोव्ह, बत्त्या आणि त्यांचं इंधन, सगळं बरोबर घेऊन चालायचं.

आधी दिवट्या आणि टेंभे होते. मग बत्ती आली, पेट्रोमॅक्स. बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झनं १९१० च्या सुमारास काढलेला दिवा, 'पेट्रोलियम' आणि त्याचं स्वतःचं नाव 'मॅक्स' जोडून पेट्रोमॅक्स. टाकीत हवा भरायची, रॉकेलची वाफ होते आणि ती जाळीच्या पिशवीत, म्हणजे मेंटलमध्ये, पांढरीशुभ्र पेटते. लिटरभर रॉकेलात साधारण सात-आठ तास उजेड. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका तुम्ही जुन्या सिनेमात तरी पाहिल्या असतील. वारीत कीर्तनाच्या मंडपात एक बत्ती, स्वयंपाकाच्या पालाबाहेर एक.

माझे मामा एका दिंडीबरोबर कितीतरी वर्षं सामानाच्या ट्रकवर होते. त्यांना विचारलं, रॉकेल कसं ठेवायचात? ते म्हणाले, "पिठापासनं लांब." मला वाटलं आगीमुळं. तर नाही. एके वर्षी रॉकेलचा कॅन ज्वारीच्या पिठाच्या पोत्याला टेकून ठेवला. रस्त्याच्या हादऱ्यानं बूच थोडं सैल झालं, कॅन पाझरला. दिसायला पोतं कोरडं. संध्याकाळी निमगाव केतकीला भाकऱ्या थापल्या आणि पहिल्याच घासाला सगळ्या पंगतीनं मान वर केली. ऐंशी माणसांचं पीठ फुकट. रॉकेलचा वास पिठातनं जात नाही, कितीही चाळा, कितीही वाळवा. त्या रात्री गावातल्या घरांनी भाकऱ्या करून आणून दिल्या. त्यानंतर मामांनी ट्रकच्या फाळक्याबाहेर एक लोखंडी चौकट जोडून घेतली, रॉकेल कायम तिथं, बाहेर. आत कधीच नाही.

पण एवढ्या लोकांना रॉकेल पुरणार कुठून? ट्रकवर भरून भरून किती नेणार? म्हणून पालखीच्या काळात जिल्हा प्रशासनाचा पुरवठा विभाग मार्गावर दिंड्यांसाठी रॉकेलची खास सोय करायचा. ठरलेल्या मुक्कामी टँकर यायचा आणि कॅन घेऊन रांग लागायची. आता बहुतेक दिंड्यांकडं गॅस सिलिंडर आहेत. मामा म्हणतात, सिलिंडर बरा, वास तरी नाही.

रांगेवरून आठवलं. रॉकेल म्हटलं की आपल्या आईवडिलांना कंदिलाआधी रांग आठवते. ही रांग आली कुठून? भारतात येणारं बरंचसं रॉकेल ब्रह्मदेशातून यायचं. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्य रंगूनला पोहोचलं आणि इंग्रजांनी जाता जाता तिथली रिफायनरी स्वतःच उडवून दिली. इकडं खेड्यांत दिवे विझले, रॉकेलवर नियंत्रण आलं. स्वातंत्र्यानंतर ट्रॉम्बेला रिफायनऱ्या झाल्या, १९५४-५५ मध्ये, पण मागणी त्याहून वेगानं वाढली. १९७२ चा दुष्काळ, पाठोपाठ १९७३ चं जागतिक तेलसंकट. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांच्या मागण्यांमध्ये धान्य आणि तेलाबरोबर रॉकेलही होतं. अशा दिवसांत घरात रॉकेल साठवून ठेवणं ही हौस नव्हती. पावसाळ्यात जळण ओलं, रेशन दुकानात "आलं नाही" अशी पाटी, आणि घरात तान्हं मूल. डब्यातल्या त्या चार लिटरवर दूध तापणार की नाही हे ठरायचं.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ३१.४ टक्के घरांनी उजेडाचं मुख्य साधन रॉकेल असं सांगितलं. दहातली तीन घरं. आणि हा काही इतिहास नाही, तेव्हा आपण शाळेत होतो. वीज असलेल्या घरांतही कंदील तयार ठेवलेला असायचा, कारण लोडशेडिंग. संध्याकाळी सहाला काच राखेनं पुसून ठेवायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझा हात तेवढा लहान होता की काचेत जायचा.

आता थोडं जड बोलतो.

रेशनचं रॉकेल निळं का असायचं? मुद्दाम रंग घातलेला, बाहेर विकलं तर ओळखू यावं म्हणून. सरकार गरिबांसाठी ते स्वस्त द्यायचं. २०११ च्या सुरुवातीला त्याचा भाव डिझेलच्या साधारण एक तृतीयांश होता. आता डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं तर गाडी चालते. मग किती पैसा, हिशोब तुम्हीच करा. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला टँकरपाशी भेसळ चाललेली दिसली म्हणून थांबले. तिथं तेलाचे मोठे डेपो आहेत. त्यांना तिथंच, दिवसाढवळ्या, रॉकेल ओतून जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं, छापे पडले. मी तेव्हा लहान होतो, पण बातमी लागल्यावर घरात कुणी बोलत नव्हतं एवढं आठवतं.

भेसळ उलट्या दिशेनंही घातक. रॉकेलमध्ये पेट्रोल गेलं तर काय होतं, हे समजायला एक आकडा लागतो: फ्लॅश पॉइंट. किती तापमानाला तेलाची वाफ ठिणगीनं भडकते, ते. एकोणिसाव्या शतकात रॉकेल विकणारे त्यात हलकं, स्वस्त तेल ढकलायचे आणि दिवे भडकून घरं जळायची. मग फ्रेडरिक एबल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं मोजायचं बंद भांडं बनवलं आणि १८७९ साली ब्रिटिश कायद्यानं मर्यादा ठरवली ७३ अंश फॅरनहाइट. आता गंमत बघा. ७३ फॅरनहाइट म्हणजे जवळपास २३ सेल्सियस, आणि आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात 'अ' आणि 'ब' वर्गातली रेषा आजही २३ लाच आहे. पेट्रोल 'अ', रॉकेल 'ब'. म्हणून तो कायदा घरच्या वापराच्या पेट्रोलला परवान्याशिवाय ३० लिटरवर थांबवतो आणि 'ब' वर्गाला २५०० लिटरपर्यंत जाऊ देतो. (रेशनिंगचे नियम वेगळे, त्यात एवढं कुणाला मिळणार!)

भारतीय मानकानुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश हवा. ही किमान मर्यादा आहे, चांगल्या रॉकेलचा त्याहून वर असतो. पण इंदापुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किती तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून डबा माळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली, ही आमच्या घरातली जागा मुळात चुकीची होती. आजीच्या सासूचे सगळे नियम बरोबर, हा एक सोडून. माळ्यावर ठेवण्याचं कारण वेगळं होतं, त्यावर येतो.

त्याआधी स्टोव्ह. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी सत्तर-ऐंशीच्या दशकात इतकी नेहमीची होती की ती एका ओळीत छापली जायची. स्टोव्हचे खरे अपघात होते, नाकारत नाही. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं, तुंबलेल्या बर्नरला पंप मारत राहणं, भेसळ. पण भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा उडायचा? स्टोव्ह तर सासूही पेटवायची. हा प्रश्न तेव्हाच्या स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली ४९८ अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब. घरात कायम हाताशी असलेला कॅन अपघाताची सबब म्हणून किती वेळा वापरला गेला, हे त्या एका ओळीच्या बातम्यांतून कळणार नाही. आजीला मी याबद्दल विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग शेजारच्या गल्लीतल्या एका घराचं नाव घेतलं. ते मी इथं सांगणार नाही.

आणि माळ्याचं कारण. माझे वडील दोन वर्षांचे असताना त्यांनी रॉकेल प्यायलं होतं. सरबताच्या जुन्या बाटलीत ठेवलेलं, स्टोव्हशेजारी, जमिनीवर. निळसर पाणी, मुलाला काय कळणार. घरातल्यांनी उलटी करवायचा प्रयत्न केला आणि तीच सगळ्यात मोठी चूक. रॉकेल पोटात गेल्यानं जेवढं बिघडत नाही तेवढं फुफ्फुसात गेल्यानं बिघडतं, आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरतं. वडील वाचले, पण त्यांना न्यूमोनिया झाला आणि पंधरा दिवस दवाखान्यात होते. लहान मुलांच्या विषबाधेत रॉकेल हे भारतात वर्षानुवर्षं अगदी वरचं कारण राहिलंय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गोष्ट हीच: पाण्याची किंवा सरबताची बाटली. असं कधी घडलं तर उलटी करवू नका, तडक दवाखाना गाठा. त्या दिवसानंतर आमच्या घरात रॉकेल माळ्यावर गेलं. उन्हात तापलं तरी चालेल, पोराच्या हाताला लागायला नको.

आता रेशनचं रॉकेल बहुतेक ठिकाणी बंदच झालंय. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला, वीज आली, कोटा कमी कमी होत गेला. ट्रेकला जाणारे आपण गॅसचे छोटे कॅन नेतो. रेल्वेत रॉकेल नेणं गुन्हा आहे, हे ट्रेकवाल्यांनी लक्षात ठेवा, "थोडंसंच आहे" चालत नाही. त्यामुळं कुणाच्या घरी अजून जुना डबा असेल तर तो बहुधा शेवटचा आहे.

आमच्या डब्याचं काय केलं ते सांगून थांबतो. रॉकेल एका काचेच्या मोठ्या बरणीत काढलं, बरणीवर लाल अक्षरात नाव लिहिलं आणि कडीकुलपाच्या कपाटात रात्रभर ठेवलं. सकाळी बघितलं तर वर फिकट निळं, खाली स्वच्छ पाणी, आणि मधे शेवाळासारखा तपकिरी पडदा. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखं. वरचं हळूच दुसऱ्या कॅनमध्ये काढलं, फडक्यातून गाळलं. कॅन काठोकाठ भरेल एवढाच घेतला. उरलेलं पाणी-गाळ पेट्रोल पंपावरच्या ओळखीच्या माणसाला दिलं, त्यांच्याकडं टाकाऊ तेलाचं पिंप असतं. विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका प्लीज. कंदिलाची वात नवी घातली, सहा इंच कापड, बाजारात दहा रुपयांना मिळाली, दुकानदारानं दोनदा विचारलं कशाला हवी म्हणून.

मागच्या शनिवारी पुन्हा भिगवणला गेलो. फ्लेमिंगो निघून गेले होते, पाणी बरंच मागं हटलं होतं. कंदील रात्रभर चालला. अकराच्या सुमारास आजीचा फोन आला, जेवलात का, थंडी आहे का वगैरे. मग म्हणाली, "तळातलं ओतलं नाहीस ना?"

नाही म्हटलं.